जावकचे भाऊसाहेब

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. वरच्या मजल्यावरचे भाऊसाहेब.

“सर, मेल पाठवलाय. पोचला का?”

“कधी पाठवलात?”

“आत्ताच. अजून बोट बटणावर आहे.”

मी चष्मा हुडकेपर्यंत जिन्यात चपला वाजल्या आणि भाऊसाहेब स्वतःच दारात उभे. एका हातात त्या मेलची छापील प्रत, दुसऱ्या हातात कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. पानाला रकाने आखलेले: जावक क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, सहपत्रे, पोच घेणाऱ्याची सही.

“मेल सावकाश वाचा. आधी इथं सही करा.”

दात न घासताच मी सही केली. “पण भाऊसाहेब, मेल तर आत्ता पाठवलात. प्रत छापली कधी?”

“काल रात्री. स्थळप्रत आधी, पत्र मागनं.”

संगणक सुरू करून मेल उघडला. विषयाच्या जागी होतं, ‘मेल पाठविल्याबाबत’. खाली मजकूर: ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपणांस मेल पाठविण्यात येत आहे. पोच द्यावी, ही विनंती.’ आणि सगळ्यात शेवटी, डाव्या कोपऱ्यात: ‘सोबत : निरंक.’

भाऊसाहेबांच्या आयुष्यातला तो पहिला ई-मेल. जा. क्र. १.

भाऊसाहेब जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं कारकून होते आणि त्यातली एकवीस वर्षं आवक-जावक टेबलावर. महसूलवाले याच टेबलाला बारनिशी म्हणतात. या टेबलावर आपणहून कुणी जात नाही. तिथं ना अधिकार, ना टिपणी लिहायची ऐट, ना कुणी चहा पाजायला येतं. असतो तो नुसता कागदांचा ढीग. भाऊसाहेबांनी ते टेबल मागून घेतलं होतं आणि बदलीची वेळ आली की पुन्हा मागून घ्यायचे. तारखेचा शिक्का, शाईचं पॅड, डिंकाची बाटली, टाचण्यांची डबी, टॅगांचा जुडगा, पाकिटं तोलायचा छोटा काटा आणि तिकिटांची नोंदवही एवढा त्यांचा संसार. जिल्ह्याच्या कुठल्याही कागदाची जन्मवेळ आणि मृत्यूवेळ त्यांना पाठ. कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडं रीतच आहे. निवृत्तीनंतर ही हाक बहुतेकांची गळून पडते. यांची काही पडली नाही, कारण यांनी टेबल सोडलं तरी टेबलानं यांना सोडलेलं नाही. काकू म्हणतात, “आमच्यात भाजीच्या पिशवीलासुद्धा जावक क्रमांक पडतो.”

राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना एमएस-सीआयटी सक्तीची केली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. भाऊसाहेबांनी ती घेतली, तीही रीतसर अर्ज करून. पुढं ते निवृत्त झाले, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे चिटणीस झाले, आणि एक दिवस वरच्या कार्यालयातून पत्र आलं की यापुढचा पत्रव्यवहार ई-मेलनंच करावा. ते पत्र मात्र टपालानं आलं होतं. भाऊसाहेबांनी त्यावर आवक शिक्का मारला आणि ते घेऊन माझ्याकडं आले. मी महाविद्यालयात शिकवायचो आणि शेवटची काही वर्षं पोरांच्या वह्या मेलवर तपासायचो. एवढ्या भांडवलावर आमच्या इमारतीनं मला संगणकतज्ज्ञ ठरवून टाकलंय.

मी त्यांना नवशिक्या समजून शिकवायला बसलो, हीच माझी पहिली चूक.

“हा इनबॉक्स.”

“आवक.”

“हा सेंट.”

“जावक.”

“हे ड्राफ्ट, म्हणजे अर्धवट लिहून ठेवलेलं.”

“कच्चा मसुदा. साहेबांच्या सहीला ठेवलेला.”

“आणि हा ट्रॅश. इथं टाकलेलं तीस दिवसांनी आपोआप जातं.”

इथं मात्र ते खुर्चीत सरसावले. “आपोआप म्हणजे? यादी कोण करतं?”

“कसली यादी?”

“नष्ट करायच्या कागदांची. आमच्याकडं अभिलेखाचे चार वर्ग. ‘अ’ कायमचा. अगदी शेवटच्या ‘ड’ वर्गालासुद्धा मुदत असायची आणि फाडायच्या आधी यादी व्हायची, यादीवर सही व्हायची. हे कोण परस्पर फाडतंय?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून भाऊसाहेबांनी एकही मेल पुसलेला नाही. साड्यांच्या सेलच्या जाहिरातीसुद्धा आवक क्रमांकासकट जपून आहेत. फुकटात मिळणारं १५ जीबीचं कपाट आहे, ते भरेपर्यंत आपण भरून जाऊ, असा त्यांचा हिशेब. त्या कपाटात त्यांनी लेबलं लावून सहा कप्पे केलेत. सरकारी कचेरीतली सहा गठ्ठा पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आपला स्वतःचा इनबॉक्स उघडून बघावा आणि गप्प बसावं.

पत्त्यावर गाडी जरा अडली. मधलं ते वाटोळं चिन्ह. आपण सगळे त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतो, आणि भाऊसाहेबांना ते जन्मभर बिलांवर भेटलेलं. कागदाचे दहा रीम, ॲट द रेट अमुक. त्यांनी विचारलं, “मी जीमेलला काय भावानं जातोय?”

मी त्यांना रे टॉमलिन्सनची गोष्ट सांगितली. १९७१ साली या अमेरिकन अभियंत्यानं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला मेल पाठवला, तेव्हा माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ठेवायला त्याला एक खूण हवी होती. कुणाच्या नावात येणार नाही अशी ही खूण त्याला कळफलकावर सापडली. इथं दराचा काही संबंध नाही. अमुक माणूस, अमुक ठिकाणी, एवढाच अर्थ.

“म्हणजे मु. पो.,” भाऊसाहेब म्हणाले.

मी थक्क झालो. पन्नास वर्षं जगानं त्या चिन्हाला गोगलगाय म्हटलं, माकडाची शेपटी म्हटलं, आणि आपल्याकडं मुक्काम पोस्ट तयार असताना एकालाही ते सुचलं नाही. तेव्हापासून भाऊसाहेब फोनवर आपला पत्ता सांगतात तो असा: सांगलीतला एस, मिरजेतला एम, कराडातला के, मग जन्मसाल, मग मु. पो. जीमेल. ऐकणारा गोंधळतो. ते पुन्हा तसंच सांगतात. नावाच्या मधे एक टिंब आहे. जीमेलच्या पत्त्यात ते दिलं काय, न दिलं काय, पत्र पोचतं, हे सांगितल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, “मग दिलंय कशाला?”

आता सहपत्र.

तुम्ही-आम्ही ज्याला अटॅचमेंट म्हणतो, त्याला सरकारी मराठीत सहपत्र हा चोख शब्द आहे. भाऊसाहेबांचा सगळा जीव सहपत्रात. पत्र हा नुसता निरोप, खरा ऐवज मागं लावलेला. मी त्यांना पडद्यावरची छोटी खूण दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिली.

“ही यू-पिन आहे.”

“हो, तिच्यावर क्लिक करायचं.”

“यू-पिननं सरकारी कागद लावत नाहीत, सर. निसटतो. टाचणी पाहिजे. नाहीतर टॅग.”

मी हसलो. आठवड्याभरात त्यांचं पहिलं सहपत्र निसटलं. संघटनेच्या खजिनदारांना त्यांनी सभासदांच्या फरकाचा तक्ता पाठवायला घेतला आणि जीमेलनं तो जोडूनच घेतला नाही. पाहतो तर जोडायला घेतलेली फाइल जेमतेम एक केबीची. नातीनं त्यांच्या सोयीसाठी पडद्यावर तक्त्याचा शॉर्टकट काढून ठेवला होता, कोपऱ्यात वाकडा बाण असलेला, आणि भाऊसाहेब तोच उचलून जोडत होते. आता हे समजवायचं कसं? संगणकाच्या भाषेत मी दोनदा घसरलो. मग म्हणालो, “भाऊसाहेब, तुम्ही तक्ता नाही पाठवत आहात. ‘तक्ता कपाट नंबर तीन, खालचा कप्पा’ अशी चिठ्ठी पाठवताय. कपाट तुमच्या घरात. खजिनदार नुसती चिठ्ठी घेऊन बसणार तासगावात.”

त्यांनी कपाळावर हात मारला. ही चूक त्यांच्या हातून परत कधी झाली नाही. माझ्या एका प्राध्यापक मित्राकडून अजून होते.

दुसरं सहपत्र अक्षरांवर आपटलं. निवेदन त्यांनी कचेरीसमोरच्या टंकलेखनवाल्याकडून करून घेतलं होतं. त्या दुकानात जुना, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला मराठी फॉन्ट. भाऊसाहेबांच्या पेनड्राइव्हवर फाइल, त्यांच्या डोळ्यांदेखत दुकानात सुबक मराठी. तीच फाइल मेलनं पोचली तिथं नुसती चिन्हांची जत्रा: इंग्रजी अक्षरं, कंस, डोक्यावर टिंबं असलेले परदेशी स्वर. समोरून निरोप आला, ‘कृपया मराठीत पाठवावे.’ एकवीस वर्षांत असा शेरा त्यांच्या कागदावर कुणी मारला नव्हता.

खरं तर त्या फाइलमध्ये मराठी नव्हतंच. त्या जुन्या फॉन्टांचा कारभार असा, की आत साठवायची इंग्रजी अक्षरं आणि वर चढवायचा मराठी सदरा. सदरा दुकानदाराच्या संगणकावर टांगलेला. फाइल एकटी गावाला गेली की उघडी पडते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तोही पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून. तरी इतक्या वर्षांनीही आपल्याकडं टंकलेखनाची दुकानं आणि काही संपादकीय कचेऱ्यासुद्धा सदऱ्यावर भागवतात. दिवाळी अंकाला कथा पाठवून ‘उघडत नाही’ असं उत्तर ज्यांना आलंय त्यांना ही व्यथा कळेल. भाऊसाहेबांना मात्र यातला एकच शब्द पटला: क्रमांक. “प्रत्येक अक्षराला क्रमांक? मग आधीच का नाही सांगितलंत!” ते इन्स्क्रिप्ट शिकले. दोन महिने लागले. आता ते स्वतः टंकतात, पीडीएफ करतात आणि पीडीएफ पुन्हा उघडून शेवटची ओळ वाचल्याशिवाय पाठवत नाहीत.

तिसऱ्या खेपेला पाकीट जड झालं. चौदा पानांची जुनी कागदपत्रं त्यांनी मोबाइलवर एक-एक फोटो काढून जोडली. फोटो चार-चार एमबीचा, आणि जीमेलची वेस २५ एमबीची.

“वजन जास्त होतंय म्हणतंय.”

“हो, मर्यादा आहे.”

“जादा तिकीट लावू की.”

टपालात वीस ग्रॅमला पाच रुपये, त्यावर वजन गेलं की आणखी तिकीट. इथं जादा पैसे घ्यायची खिडकीच नाही, हे त्यांना पटेना. वर मी आगाऊपणानं सांगून बसलो की जोडलेली फाइल वाटेत थोडी फुगतेही. मेल मुळात साध्या अक्षरांच्या पत्रांसाठी बनला. चित्र, तक्ता, गाणं काहीही पाठवायचं तर त्याचं आधी अक्षरांत रूपांतर करावं लागतं आणि त्यात तीन बाइटचे चार होतात. ही युक्ती १९९२ मध्ये ठरली. ती बसवणाऱ्यांपैकी नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये जे पहिलंवहिलं सहपत्र धाडलं त्यात काय होतं, तर त्यांच्या चौघांच्या गाण्याच्या चमूचा फोटो. भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, “कार्यालयीन वेळेत?”

तर चौदा पानं. मला ड्राइव्हची अवदसा आठवली. फाइल ड्राइव्हवर ठेवली, मेलमध्ये फक्त दुवा दिला. परवानगी सर्वांना खुली करायची राहिली. दोन दिवसांनी खजिनदार फोनवर संतापलेले: “तीनदा विनंती केली, भाऊसाहेब बघू देत नाहीत!” वर गेलो. भाऊसाहेब शांत होते.

“आलेत अर्ज. तीन. इथं नोंद आहे.”

“मग परवानगी का दिली नाहीत?”

“अर्जात कारण नमूद नाही.”

खजिनदारांचं नि त्यांचं तेवीस वर्षांचं सख्य. पण कारण नमूद नाही म्हणजे नाही.

या सगळ्यात ‘सीसी’ एकटीच त्यांना कधी शिकवावी लागली नाही. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे आपल्याला पुस्तकातनं कळतं. भाऊसाहेबांना ते बोटांच्या निळ्या टोकांवरून कळतं. टंकयंत्रात पाच कागद आणि मधे चार कार्बन, खाली-खाली अक्षर पुसट होत जाणार, आणि शेवटची, भुतासारखी प्रत स्थळप्रत म्हणून आपल्या फायलीला. त्यामुळं ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ करायची संधी दिसताच त्यांचं भान सुटलं. संघटनेच्या ६३ सभासदांना त्यांनी एका मेलची प्रत दिली, सगळ्यांची नावं उघडी. एकानं ‘सर्वांना उत्तर’ दाबून लिहिलं, ‘धन्यवाद’. दुसऱ्यानं लिहिलं, ‘धन्यवाद’. तिसऱ्यानं विचारलं, ‘हे कोण आहे?’ चौथ्यानं पोटशूळावरचा काढा पाठवला. दुपारपर्यंत ६३ घरांत प्रत्येकी चाळीसएक मेल. कुणाच्या तरी मुलानं पुण्याहून कळवलं, ‘मला या यादीतून काढा’, तेही सर्वांना. भाऊसाहेब रात्री बारापर्यंत आवक क्रमांक टाकत बसले होते.

म्हणून मी त्यांना बीसीसी शिकवली. नावं झाकलेली, कुणाला प्रत गेली ते कुणाला दिसत नाही. त्यांना ती आवडली नाही. “प्रत द्यायची तर उघड द्यावी. चोरून प्रत कसली?” मग पुष्कळ विचार करून त्यांनी वहीत तिचं नाव ‘गोपनीय’ असं घातलं. आता तिचा रकाना लाल शाईनं भरतात.

डीमन साहेबांचं प्रकरण मात्र मला फार उशिरा कळलं. पत्त्यात एक अक्षर चुकलं की मेल परत येतो आणि परत पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘मेलर-डीमन’ असं काहीतरी असतं. तो माणूस नव्हे, पत्ता न सापडल्याचं सांगणारी यंत्रणा. भाऊसाहेबांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि उत्तर धाडलं: ‘महोदय, आपले पत्र मिळाले. पत्ता अपूर्ण असल्याचे निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहे. सुधारित पत्त्यावर पत्र पुनश्च रवाना करीत आहे. कळावे, लोभ असावा.’ त्यालाही काही क्षणांत उत्तर आलं. भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. पुढं सहा महिने ते मला सांगत होते, “तिकडं एक डीमन म्हणून आहेत. इंग्रजीत लिहितात, जरा तुसडे आहेत, पण पत्राला तत्काळ उत्तर. दिवाळीलासुद्धा रजेवर नव्हते.” मला वाटलं संघटनेचे कुणी ख्रिस्ती सभासद असतील. खरं काय ते कळल्यावर मी त्यांना सांगावं की नाही, यावर मी नि माझी बायको एक अख्खी संध्याकाळ बोललो. शेवटी नाहीच सांगितलं.

लॉटरीवाल्याची कथा याच धर्तीची, फक्त शेवट गोड. परदेशात आपल्याला मोठी रक्कम लागली आहे, बँकेचा तपशील द्या, असा मेल आला. अशा मेलला उत्तर देऊ नये, आत काही जोडलेलं असेल तर उघडू नये, हे मी त्यांना बजावलं होतं. उघडलं नाही त्यांनी. उत्तर मात्र दिलं, कारण आवकेला उत्तर नाही असं होत नाही. पहिल्या पत्रात त्यांनी अधिकारपत्राची साक्षांकित प्रत मागितली. दुसऱ्यात विहित नमुन्यातला अर्ज, तीन प्रतींत. तिसऱ्यात त्रुटी कळवल्या. चौथ्यात ‘मूळ कागदपत्रांसह कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहावे’. त्यानंतर तिकडून पत्र आलं नाही. भाऊसाहेबांनी प्रकरण ‘अर्जदारास स्वारस्य नसल्याने’ निकाली काढलं. तुम्ही असं करू नका. त्यांच्याएवढा दम आपल्यात नाही.

आता एक गोष्ट, जी शिकायला मला वयाची साठी उलटावी लागली.

मी आयुष्यात किती मेल सहपत्राविना पाठवलेत याची गणती नाही. ‘सोबत प्रश्नपत्रिका जोडली आहे’, आणि सोबत वारा. इंग्रजीत ‘अटॅच्ड’ लिहून जोडायचं राहिलं तर जीमेल आपल्याला हटकतं. माझ्या ‘सोबत जोडले आहे’ला त्यानं आजवर एकदाही हटकलेलं नाही. लिहिता-लिहिता मनात जोडलेलं असतं आणि मनातलं जोडलेलं जोडलेलंच वाटतं. एकदा मी भाऊसाहेबांच्या मेलमध्ये ओळींच्या सुरुवातीला तिरक्या रेघा पाहिल्या. एका ओळीला एक, दुसरीला दोन. वाटलं, बोट चुकून पडलं असेल. विचारलं.

“सहपत्राची खूण,” ते म्हणाले. “पत्रात जिथं जिथं सहपत्राचा उल्लेख, तिथं समासात तिरकी रेघ. जावकवाला पत्र वाचत नसतो, सर. दिवसाला दीडशे पत्रं, वाचणार कधी? तो समास बघतो. रेघा तीन, तर कागद तीन. कागद दोन असले की पत्र परत टेबलावर.”

आणि मग त्यांनी मला दाखवलं. मेल पुरा लिहून झालेला. उजवा हात उंदरावरून काढून मांडीवर ठेवला. डाव्या हाताची तर्जनी पडद्याच्या काचेवर, वरून खाली समास चाचपत: एक, दोन, तीन. मग तेच बोट तळाला, जिथं जोडलेल्या फाइलींच्या पट्ट्या दिसतात तिथं: एक, दोन, तीन. प्रत्येक पट्टीवर टिचकी मारून फाइल उघडली, पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं, बंद केली. फाइलींची नावंही कशी, तर जावक क्रमांक, दिनांक, विषय. माझे विद्यार्थी मला ‘न्यू डॉक’ आणि ‘फायनल फायनल खरंच फायनल’ अशा नावांची पुडकी पाठवायचे, ते आठवलं. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी सगळ्यात शेवटी पत्ता घातला. पत्ता आधी घातला आणि बोट पडलं, तर अर्धं पत्र जातं, म्हणून पाकिटावर पत्ता कायम शेवटी. मग बटण दाबलं. मग खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि का कोण जाणे, बाहेर बघितलं.

मी त्या दिवसापासून तिरकी रेघ मारतो. माझं एकही सहपत्र राहिलेलं नाही.

गेल्या वर्षी फरकाच्या रकमेचं प्रकरण लोंबकळलं. संबंधित कार्यालयातून उत्तर आलं की तक्ता मिळालेलाच नाही. भाऊसाहेब फाइल बगलेत मारून एसटीनं गेले. मी सोबत होतो, न बोलायच्या अटीवर. टेबलावर पंचविशीचा, नम्र मुलगा. भाऊसाहेबांनी छापील प्रत काढली: दिनांक, सकाळचे ११ वाजून ४२ मिनिटं, पत्ता, तीन सहपत्रं. मुलानं शोधलं. कुठं सापडेना. चार महिन्यांपूर्वी गेलेला तक्ता स्पॅममध्ये पडला असणार आणि तीस दिवसांच्या नियमानं केव्हाच पुसला गेला असणार. मुलानं मनापासून माफी मागितली आणि तिथल्या तिथं नव्यानं मागवून घेतला. काम झालं.

उठताना भाऊसाहेबांनी सहज विचारलं, “तुमच्याकडं आवक कोण बघतं?”

“तसं कुणी नाही, काका. सगळेच बघतात.”

एसटीत भाऊसाहेब बोलले नाहीत. घरी येऊन जेवायला बसले आणि अर्ध्यातून उठले. काकूंनी मला दारात गाठून विचारलं, तिकडं कुणी अपमान केला का? मी म्हटलं, नाही. आतून आवाज आला, “आवकेला माणूसच नाही गं.”

तार बंद झाली तेव्हा, २०१३ च्या जुलैत, त्यांनी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. तार ही त्यांच्या मते घाईगर्दीची बाब. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, तेव्हा मात्र त्यांनी जुन्या पोच-पावत्यांचा गठ्ठा काढून दुपारभर उन्हात ठेवला. रजिस्टर ए.डी. गेली की काही दिवसांनी ते कार्ड सही घेऊन परत यायचं. कुणीतरी, कुठंतरी, कागद हातात घेतल्याची खूण. मेलमध्ये ती खूण नाही. आपल्या साध्या जीमेलला वाचल्याची पोच मागायची सोय नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलंय. तीनदा त्यांनी विचारलं, “मग पोचलं हे धरायचं कशावर?” आणि तीनदा फोन उचलला.

म्हणून ते फोन करतात. लोक कंटाळतात हे त्यांना कळतं. हल्ली फोन कमी केलेत. वही मात्र चालू आहे. काल जा. क्र. ४१७ पडला. शेवटचा रकाना मी चाळून पाहिला: बऱ्याच ओळींपुढं पेन्सिलीनं एक बारीक फुली आहे, म्हणजे उत्तर नाही. पेन्सिलीनं अशासाठी, की आलं तर खोडता यावं.

तुम्हाला कुणा भाऊसाहेबांचा मेल आला, विषय ‘-बाबत’नं संपत असला, समासात तिरकी रेघ असली, तर दोन शब्द उलट लिहा: ‘पत्र मिळाले.’ ते त्याची प्रिंट काढतात आणि फायलीला लावतात. टाचणीनं.